खाणीत बॉल बाहेर जात नसे

संपादकांचा फोन आला, "तुमच्या फुटबॉलच्या दिवसांवर काहीतरी लिहा." मी म्हटलं, लिहितो, पण गोल किती मारले ते विचारू नका. मी मोजले नाहीत, आणि ज्यांनी मोजले असतील ते मला सांगायला कधी आले नाहीत. मग त्यांनी जरा चाचरत विचारलं, "काही राहून गेल्यासारखं वाटतं का?" वाटतं ना. अनेक वर्षं एकच गोष्ट वाटत होती. मी मुंबईत खेळलो, गोव्यात खेळलो, कोलकात्याच्या चिखलात खेळलो, पण ज्याच्याबरोबर खेळायला शिकलो त्या यल्लप्पाबरोबर गवताच्या मैदानावर एकदाही खेळलो नव्हतो. माझं अख्खं खेळणं त्या एका गोष्टीभोवती फिरलंय. तेव्हा कारकीर्द वगैरे बाजूला ठेवतो आणि तेवढंच सांगतो.

आधी माझा धंदा काय होता ते सांगायला हवं, कारण जेसल पार्कातले माझे शेजारी अजून मला रिटायर्ड क्लार्क समजतात, आणि ते काही खोटं नाही. हल्ली व्यावसायिक फुटबॉलपटू म्हटलं की लोकांना लिलाव, टीव्ही आणि रंगवलेले केस दिसतात. आमच्या वेळी त्याचा अर्थ नोकरी असा होता. मोठ्या कंपन्यांचे, बँकांचे, सरकारी खात्यांचे संघ असायचे. तुमचा खेळ बरा असेल तर कंपनी तुम्हाला कारकून म्हणून चिकटवून घ्यायची आणि तुम्ही तिच्यासाठी खेळायचं. सकाळी सराव, मग ऑफिसात हजेरी, मॅच असेल तर दुपारी सुटका. मी कागदोपत्री आवक-जावक विभागात होतो. प्रत्यक्षात उजव्या बाजूने पळत होतो. माझ्या शेजारच्या टेबलावर कुलकर्णीबाई बसायच्या. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसे, पण मी खुर्चीत कसा बसतो यावरून त्या निकाल ओळखायच्या. "हरलात वाटतं," म्हणायच्या आणि न विचारता माझ्या वाट्याची पाकिटं स्वतःकडे ओढून घ्यायच्या.

आता खाण. घोडबंदर रोडला वरसाव्याच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत दगडाच्या खाणी होत्या. मुंबईच्या इमारतींना लागणारी खडी तिथून जायची. माझे वडील पोलादपूरकडून आलेले, खाणीत डंपर चालवायचे. यल्लप्पाचे वडील सोलापूरकडचे वडार, ते ड्रिल मशीनने खडकात भोकं पाडायचे. त्या भोकांत सुरुंगाची दारू ठासायची, लांब शिट्टी वाजवायची, सगळ्यांनी पळून आडोशाला उकिडवं बसायचं, मग धडाम. फुटलेला दगड क्रशरमध्ये जायचा आणि खडी होऊन बाहेर यायचा. आमच्या खोल्या खाणीच्या तोंडाशीच होत्या, खाणमालकाच्या. घरातला कुणीतरी खाणीत कामाला असेल तोवर खोली, हा तिथला नियम. कपडे दोरीवर वाळत घातले तर संध्याकाळी पांढरे झालेले असायचे. आई ते झटकायची आणि शिव्या द्यायची. शिव्या कुणाला, ते तिलाही माहीत नसावं.

जिथला दगड काढून संपला होता तो खड्डा आमचं मैदान. तीन बाजूंना काळ्या दगडाची उभी भिंत, चौथ्या बाजूला डंपर उतरायचा चढ. तळाशी पाझर असायचा, म्हणून एक पंप दिवसरात्र घरघरत पाणी उपसायचा. एक गोल चढाच्या तोंडाशी, डांबराच्या दोन पिंपांमधला. दुसरा समोरच्या भिंतीवर चुन्याने रेघा मारून केलेला. अशा ठिकाणी बॉल बाहेर जातच नाही. भिंतीवर आपटतो आणि परत येतो. त्यामुळे थ्रो, कॉर्नर असल्या भानगडी आम्हाला माहीत नव्हत्या. समोर कुणी आडवा आला की बॉल बाजूच्या भिंतीवर मारायचा, आपण त्याला वळसा घालून पळायचं, तोवर भिंत बॉल परत देते. दगडाचे कोपरे कसेही फुटलेले, त्यामुळे कुठला कोपरा बॉल कुठे फेकतो हे पाठ असावं लागे. यल्लप्पाला सगळी भिंत पाठ होती. आणि जिथे भिंत दगा द्यायची तिथे तो स्वतः उभा राहायचा. मी बॉल मारून पळायचो आणि बॉल माझ्या पुढे अर्धं पाऊल येऊन पडायचा. पायात नाही, मागे नाही, अर्धं पाऊल पुढे. मला वाटायचं सगळेच असं देतात. अक्कल नंतर आली.

आणखी एक गोष्ट. खाणीत कुणी पडत नसे. पायाखाली खडी होती, पायात टायरच्या चपला. पडलात तर गुडघ्यात कच घुसायची आणि आई ती सुईने काढायची. त्यामुळे धक्का बसो, टांग बसो, आमच्यातला प्रत्येक जण कसंही करून उभा राहायचा. हे कौतुकाने सांगत नाही. याच सवयीने पुढे माझं वाटोळं केलं, ते येईलच.

दसऱ्याला खाण बंद. सकाळी हत्यारांची पूजा व्हायची. हातोडे, छिन्न्या, पहारी, ड्रिलची दांडी, सगळं धुऊन मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. यल्लप्पाची आई पूजेत आमचा बॉलही ठेवायची. तिचं म्हणणं, पोरं रोज ज्याला लाथा मारतात त्याच्या वर्षातून एकदा पाया पडलेलं बरं. मग दुपारी मोठी मॅच, ड्रिलवाले विरुद्ध क्रशरवाले. बॉलला लागलेलं कुंकू पहिल्या दहा मिनिटांत भिंतीला पुसलं जायचं.

अशाच एका दसऱ्याला बस्त्याव सर चढावर येऊन उभे राहिले. ते उत्तनचे, कोळीवाड्यातले. एका मोठ्या कंपनीच्या संघाचे प्रशिक्षक होते, पण त्या दिवशी आले होते ते गावच्या मैदानाच्या कुंपणासाठी दगड बघायला. दगड राहिला बाजूला, ते मॅच संपेपर्यंत चढावर उभे. संपल्यावर आम्हा दोघांना बोलावलं.

"तुमी दोगं कुठं खेलता?"

"हितंच," यल्लप्पा म्हणाला.

"आनी?"

"आनी कुठं? बाहेर बॉल हरवतो."

सर पोट धरून हसले. "रविवारी उत्तनला या. आमच्या गावाची टीम हाय, दोन पोरं कमी हायत. दोगांनी यायचं, एकट्यानं न्हाय."

ते दिवस मला अजून दिसतात. आम्ही दोघं खड्ड्यात उभे राहून गवताबद्दल बोलत होतो. गवतावर बॉल किती उसळतो, पडलं तर खरंच लागत नाही का. यल्लप्पा म्हणाला, "मी तर मुद्दाम पडणार एकदा. बघू कसं वाटतं."

रविवारी सकाळी मी त्याला बोलवायला गेलो तर तो खाणीत उतरायला निघाला होता, डोक्याला फडकं बांधून. शनिवारी त्याच्या वडिलांच्या खोकल्यातून रक्त पडलं होतं. ड्रिलची धूळ बारीक असते, ती नाकातोंडातून आत जाते आणि आतच राहते. खाणीतल्या प्रत्येक घराला हे ठाऊक होतं आणि प्रत्येक घर दुसऱ्या घराबद्दल ते बोलायचं. मुकादमाने निरोप दिला होता, मशीनवर कुणीतरी उभं राहा, नाहीतर खोली सोडा. यल्लप्पाला दोन लहान बहिणी होत्या.

"जा तू," तो म्हणाला. "जाऊन ये. गवत बघून सांग मला. पुढच्या रविवारी येतो मी."

मी एकटा गेलो आणि त्या मॅचला माझी जी शोभा झाली तिला तोड नाही. पहिलाच बॉल आला, समोर बचावाचा माणूस आडवा. मी सवयीने बॉल बाजूला मारला आणि त्याला वळसा घालून सुसाट पळालो. पुढे जाऊन थांबलो, बॉलची वाट बघत. बॉल कशाला येतोय? तो सरळ मैदानाबाहेर, बोंबील वाळत घातले होते त्या काठ्यांच्या रांगांत. तिथून एक बाई ओरडली, "अरे मेल्या, आमचं बोंबील दिसत न्हाय काय तुला?" मी पुन्हा तेच केलं, आणि पुन्हा. बाईने तिसऱ्या वेळी बॉल परतच दिला नाही, सरांना जाऊन आणावा लागला. त्यात हाफटाइमला रेफरीने लांब शिट्टी वाजवली. मी धूम ठोकली आणि देवळाच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, कुंपणामागे डोक्यावर हात घेऊन उकिडवा बसलो. सगळं मैदान बघत राहिलं. मग हसायला लागलं.

सर माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता परत जा म्हणणार. ते शेजारी खाली बसले.

"हितं भिंत न्हाय हाय रे पोरा."

"हो सर."

"मंग हितं मानसाची भिंत करायची. बॉल त्याला द्यायचा, तू पलायचा, तो परत देनार. तेच हाय. फकस्त दगडाच्या जागी मानूस."

मी म्हटलं, "मग यल्लप्पाच लागेल, सर."

पुढच्या रविवारी यल्लप्पा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सरांनी दोन-तीनदा स्वतः निरोप धाडला. मग एके दिवशी कंपनीत एक जागा निघाली आणि सर मला घेऊन गेले. दोघांसाठी जागा असती तरी यल्लप्पाचं येणं होणार नव्हतं, हे मला माहीत आहे. नोकरीचा कागद त्याच्या हातात पडेपर्यंत खोली कुणी धरून ठेवली असती? पण माहीत असणं वेगळं. ऑफिसच्या पहिल्या दिवशी मी नवी पँट घालून खाणीच्या तोंडाशी उभा होतो आणि खालून त्याच्या ड्रिलचा आवाज येत होता. मला रडू आलं होतं. आनंदाचं असेल म्हणून आईने तोंडावरून हात फिरवला.

कंपनीच्या संघात माझं बरं चाललं. पळायला भरपूर येत होतं आणि दम कधी लागत नसे. खाणीच्या चढावर वाढलेल्याला सपाटी म्हणजे सुट्टीच. पण ती न पडण्याची सवय नडली. एका स्पर्धेच्या उपांत्य फेरीत बरोबरी चालू होती, मी गोलच्या तोंडाशी पोचलो आणि बचावाच्या माणसाने माझ्या पोटरीवर अशी लाथ घातली की हाडाचा आवाज मलाच ऐकू आला. कुणीही शहाणा खेळाडू तिथे लोळला असता, रेफरीने पेनल्टी दिली असती, आम्ही फायनलला गेलो असतो. मी लंगडत, धडपडत, उभाच. रेफरीला वाटलं काही झालंच नाही. समोरच्यांनी बॉल नेला आणि जाऊन गोल मारला.

सर बाहेरून ओरडत होते, "अरे पड ना! पड!"

मॅच संपल्यावर माझा मोजा रक्ताने भिजलेला बघून त्यांनी कपाळाला हात लावला. त्यानंतर आठवडाभर सरावाला मला एकच काम होतं, पडायचं. सर म्हणायचे पड, मी गुडघे वाकवायचो आणि अडकायचो. बाकीचे टाळ्या वाजवायचे. हिरव्यागार गवतावर एक धडधाकट माणूस पडू शकत नाही, याची त्यांना मोठी गंमत वाटे. कुलकर्णीबाईंना ही हकिकत कळली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरंय की. सगळे पडायला लागले तर उभं कोण राहणार?" आणि मला खुर्चीवर ठेवायला घरून एक उशी आणून दिली.

साथीदार खूप मिळाले. नावं सांगत नाही, काही जण अजून भेटतात. गोव्याचा एक होता, त्याच्या पायात जादू होती, पण बॉल आला की तो आधी प्रेक्षकांना दाखवायचा आणि मग मला द्यायचा, तोवर माझी गाडी सुटलेली असे. एक बंगाली बाबू होता, तो वेळेवर द्यायचा पण इतक्या जोरात की भिंत परवडली. एक आपल्याच वसईकडचा, गुणी मुलगा, बॉल नेमका माझ्या पायात द्यायचा. आता सांगा, पळणाऱ्या माणसाच्या पायात बॉल दिला तर त्याला थांबावं लागतं. मी कुणाला बोललो नाही, त्यांची काय चूक. पण बॉल देऊन पळताना प्रत्येक वेळी वाटायचं, आता तो अर्धं पाऊल पुढे येईल. मी एवढी वर्षं त्या अर्ध्या पावलाची वाट बघत पळालो. पेपरात एकदा छापून आलं, हा खेळाडू बॉल मिळायच्या आधीच धावत सुटतो. ते कौतुक होतं की टीका, मला आजवर कळलेलं नाही.

यल्लप्पा दर दसऱ्याला भेटायचा. मी कुठेही असलो तरी त्या दिवशी खाणीत जायचो. पण तोवर खड्ड्यात आणखी खोल सुरुंग लागायला लागले होते, चुन्याचा गोल फुटून खडी होऊन गेला होता, आणि मॅच होत नसे. आम्ही पूजा करायचो, त्याची आई गुळपोळी वाढायची, आणि तो मला विचारायचा, "गवत कसं होतं या वर्षी?" जणू मी शेतकरीच.

मग एकदा संधी आली. सरांनी उत्तनला गावच्या मैदानासाठी मदत म्हणून एक मॅच ठरवली, आमच्या कंपनीचा संघ विरुद्ध गाव. मी सरांना म्हटलं, मी गावाकडून खेळतो. सरांनी चष्म्यावरून बघितलं.

"आनी डावीकडं तुजा भाऊ, न्हाय?"

"हो सर."

"मंग आन त्याला. सांग, बस्त्यावनं बोलवलंय."

कंपनीकडून मिळालेली बुटांची एक कोरी जोडी मी त्याच्यासाठी ठेवून दिली होती, आमचं माप एकच. ते बूट घेऊन मी खाणीत गेलो. तो बूट उलटेपालटे करून बघत राहिला. खालचे खिळे बोटाने दाबून बघितले. म्हणाला, "ह्याच्यावर उभं कसं राहायचं बे?" त्याची बायको हसायला लागली, तेव्हा लाजून बूट पिशवीत ठेवले. दुपारच्या पाळीला बदली माणूस ठरला, मुकादम हो म्हणाला. सगळं पक्कं होतं.

मॅचच्या दिवशी मी मैदानाच्या कडेला उभा राहून रस्त्याकडे बघत होतो. वरसाव्याहून येणारी प्रत्येक रिक्षा थांबेल असं वाटत होतं. मॅच सुरू झाली. डावीकडे एक कोळ्याचा पोरगा उभा केला, बरा खेळला तो. मी बॉल त्याला द्यायचो आणि नजर रस्त्यावर. हाफटाइम झाला. मॅच संपली. सरांनी येऊन खांद्यावर हात ठेवला.

ऊन उतरताना मी खाणीवर पोचलो. खड्ड्यात शुकशुकाट, कामं थांबलेली, आणि मधोमध यल्लप्पा एकटा एका दगडावर बसलेला, हातात लाल झेंडा. पायात ते बूट, बंद घट्ट बांधलेले.

झालं होतं असं. खाणीत कधीकधी एखादा सुरुंग फुटत नाही. बाकीचे फुटतात, हा आत तसाच बसून राहतो. कधी फुटेल सांगता येत नाही, कुणी पहार मारली तर जीव जाईल. अशा वेळी तिथला रिवाज असा होता की ज्याने ते भोक पाडलं त्यानेच राखण करायची, दारूवाला येऊन ते निकामी करेपर्यंत. कारण नेमकं भोक कुठे आहे हे त्यालाच ठाऊक असतं. हे काम दुसऱ्याला देता येत नाही. सकाळच्या पाळीत यल्लप्पाने पाडलेल्या भोकांपैकी एक फुटलं नव्हतं, आणि दारूवाला दुसऱ्या खाणीवर गेला होता.

मी चढावरून खाली उतरायला लागलो तसा तो ओरडला, "किसन्या, तिथंच थांब! पुढं येऊ नको!"

मी चढावर उभा राहिलो. तो खाली. मध्ये आमचं मैदान.

"बूट का घातलेस?" मी वरून विचारलं.

"बसलोच होतो," तो म्हणाला. "म्हटलं, तेवढे तरी पायात बसतील." मग त्याने विचारलं, "कोण खेळलं डावीकडं?"

मी सांगितलं. त्याने मान डोलावली. दारूवाला येईपर्यंत आम्ही तसेच होतो, तो तिथे, मी इथे, ओरडून ओरडून बोलत. काय बोललो ते आठवत नाही. भिंतींवरून आवाज परत येत होता एवढं आठवतं.

पुढे गुडघा गेला आणि माझं खेळणं थांबलं. कंपनीने रीतीप्रमाणे टेबल ठेवलं, मी आवक-जावकमध्ये खराखुरा कारकून झालो. कुलकर्णीबाई निवृत्त होताना उशी मलाच देऊन गेल्या. सर गेले. उत्तनच्या देवळात त्यांच्या शेवटच्या प्रार्थनेला आम्ही संघातले म्हातारे ओळीने उभे होतो. त्यानंतर खाणी बंद झाल्या, वरून हुकूम आला म्हणे. डंपर गेले, क्रशर भंगारात गेला, आणि एक दिवस कुणीतरी पंप बंद केला. दोन पावसाळ्यांत खड्डा काठोकाठ भरला. आता तिथे हिरवं खोल पाणी आहे, भोवती पत्रे ठोकलेत, पलीकडे मोठ्या इमारती उठल्यात. त्यांच्या जाहिरातीत त्या पाण्याला तलाव म्हटलंय. मी मध्ये एकदा पत्र्याच्या फटीतून बघून आलो. आमचं मैदान, पिंपं, कुंकवाचे डाग, सगळं त्या पाण्याखाली आहे. तिथे उभं राहून जीव इतका कासावीस झाला की रिक्षावाल्याने विचारलं, "काका, पाणी देऊ का?"

यल्लप्पाला त्याच्या वडिलांचाच आजार लागला. छातीत धूळ. चढ चढवत नाही, चार वाक्यं बोलला की थांबतो. तरी माणूस बसून राहणारा नाही. काशीमीऱ्याला गॅरेजांच्या मागे एक टर्फ निघालंय, तिथे तो राखणदार आहे. टर्फ म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यातलं छोटं मैदान, खाली प्लास्टिकचं गवत, तासावर भाड्याने मिळतं. यल्लप्पाच्या गळ्यात शिट्टी असते. तास संपला की तो ती लांब वाजवतो, मग खेळणारे कुणीही असोत, बाहेर. इमारतीतली पोरं त्याला "खडूस अंकल" म्हणतात. मालक मात्र खूश, मिनिटाची सूट कुणाला नाही. मी भेटायला गेलो आणि ती शिट्टी वाजली की अजून माझी पाठ आपोआप वाकते. तो ते बघतो आणि खोकेपर्यंत हसतो.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "किसन्या, उद्या सकाळी ये. पहिला तास रिकामा आहे. शेठला विचारलंय मी."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? पूजा नको का करायला?"

सकाळी काशीमीऱ्याला सगळे ट्रक झेंडूच्या माळा घालून उभे होते. टर्फच्या दाराला तोरण होतं. आत कोपऱ्यात त्याने वर्तमानपत्र पसरून पूजा मांडली होती, बापाचा हातोडा आणि छिन्नी, टर्फच्या किल्ल्या, एक बॉल. बूट पूजेत नव्हते. ते त्याच्या पायात होते. चामडं वाळून तडकलं होतं, तळ सुटू नये म्हणून त्यावर खोक्यांना लावतात ती खाकी चिकटपट्टी गुंडाळली होती.

मी बुटांकडे बघत राहिलो. तोच म्हणाला, "बघतोस काय? तुझेच आहेत."

"यल्लप्पा, हे खोटं गवत आहे रे."

"हिरवं आहे ना?" तो म्हणाला. "मग झालं."

तो डावीकडे जाऊन उभा राहिला, जाळीला पाठ लावून. "मला पळवत नाही," म्हणाला. "मी हितं उभा राहतो. तू पळ."

माझ्या गुडघ्यांनी पळणं म्हणजे काय ते सांगायला नको. मी बॉल त्याच्याकडे दिला आणि निघालो. अर्धं पाऊल पुढे बॉल येऊन पडला. मी तसाच पुढे गेलो, रिकाम्या गोलात मारला, परत आणला, पुन्हा दिला, पुन्हा निघालो. पुन्हा अर्धं पाऊल पुढे. एकदा मी चुकून त्याच्या बाजूला मारला, बॉल जाळीवर लागून जेमतेम परत आला. "कंजूष आहे जाळी," तो म्हणाला. "भिंतीची सर नाही." मध्ये त्याला खोकला आला, मी थांबलो, तर हातानेच दटावलं, पळ. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसत नव्हतो. एवढी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते सगळं तिथेच होतं, त्याच पायात.

मग त्याने सगळं वजन डाव्या पायावर घेतलं, हळूच गुडघा टेकला, आणि मुद्दाम कुशीवर कलंडला. प्लास्टिकच्या गवतावर आडवा पडून वर बघत राहिला.

मी घाबरून धावलो. "काय झालं?"

"काही नाही," तो धापा टाकत म्हणाला. "पडून बघायचं राहिलं होतं."

मी त्याला हात देऊन उठवलं. दारापाशी पुढच्या तासाची पोरं येऊन उभी होती, पाठीला पिशव्या, पायात झकपक बूट. एकाने मोबाइल बघितला आणि हाक मारली, "अंकल, टाइम हो गया."

यल्लप्पाने दारावरच्या घड्याळाकडे पाहिलं. तास केव्हाच संपला होता. तो परत जाळीपाशी गेला, पाठ टेकली, श्वास गोळा केला, आणि मला बॉल दाखवून म्हणाला, "पळ." शिट्टी त्याच्या गळ्यात होती. त्याने ती वाजवली नाही.